काटा खाली येत नाही

संशय घेणं हे माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. मी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासते. कुणी येऊन सांगतो, "रस्त्यात कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवायला गेलो आणि खांबावर आदळलो." मी कुत्र्याची चौकशी करत नाही. गाडीपाशी उकिडवी बसते आणि पोच्याची उंची बघते. खांब वरपासून खालपर्यंत सरळ असतो. पोचा फक्त गुडघ्याएवढ्या उंचीवर असेल आणि त्यात दुसऱ्या गाडीचा निळा रंग घासलेला असेल, तर खांब बिचारा निर्दोष आहे. मग मी उठते, हात झटकते आणि म्हणते, "कुत्रं कोणत्या रंगाचं होतं हो? सहज विचारलं." त्यापुढे मला फारसं काही करावं लागत नाही, माणूस आपणच बोलत सुटतो.

नवरा म्हणतो, घरी आलीस की बुटांबरोबर ऑफिसही दाराशी काढून ठेवत जा. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. त्याच्या जगात धूसर दिसलं तर काच बदलायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची. माणूस चांगला आहे, पण त्याला कुणीही टोपी घालावी. घरात एकाने तरी डोळे उघडे ठेवायला हवेत, म्हणून ते मी ठेवते.

आमची एकुलती एक मुलगी माऊ. चालताना पायांचा आवाज होत नाही म्हणून लहानपणीच हे नाव पडलं. मला तेव्हापासूनच ते फारसं आवडलेलं नाही. आवाज न करता चालायची गरज कुणाला पडते, हे मला कामामुळे चांगलं ठाऊक आहे.

माऊ अकरावीत गेली तेव्हा शाळेने एक जादा विषय निवडायला सांगितला. मी संख्याशास्त्र धरून चालले होते. ती घरी आली आणि म्हणाली, "मी गेम डिझाइन घेतलं."

"शाळेत आता गेम खेळायला शिकवतात?"

"खेळायला नाही गं, बनवायला."

"म्हणजे स्वतः बिघडायचं नाही, दुसऱ्यांची मुलं बिघडवायची."

नवरा हसला. मी नाही हसले. माऊने आधी पोहणं सोडलं होतं, मग व्हायोलिन सोडलं होतं, मातीकामाच्या वर्गातून तर ती दुसऱ्याच आठवड्यात परत आली होती. हेही तसंच होणार आणि तोवर संख्याशास्त्राचा वर्ग भरून जाणार, असं मी म्हणाले. तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, हे तसं नाहीये. ह्याच्यासाठी मला सकाळी उठावंसं वाटतं." तिचा आवाज इतका हळू होता की मला पुढे भांडता येईना.

शेवटी तह झाला. पहिल्या सत्राच्या अखेरीला शाळेत मुलांच्या कामाचं प्रदर्शन असतं. तोपर्यंत मी बघणार. कुठे काही वेडंवाकडं दिसलं, तर गेम बंद आणि संख्याशास्त्र सुरू. संख्याशास्त्राच्या बाईंना मी आधीच भेटून आले होते आणि त्यांनी प्रदर्शनापर्यंत एक जागा राखून ठेवायचं कबूल केलं होतं. माऊने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेडंवाकडं म्हणजे काय, हे कोण ठरवणार?"

"मी."

"ते आलंच लक्षात," ती म्हणाली.

काही दिवस बरे गेले. मग फोनचं सुरू झालं. माऊचा फोन जेवणाच्या टेबलावर कायम तोंड वर करून पडलेला असायचा, तडा गेलेल्या काचेसकट. आता तो पालथा दिसायला लागला. ती फोन पालथा ठेवायची आणि हात धुवायला जायची. मी टेबल पुसता पुसता तो उलटा करून बघितला. काच काळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथा, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. मी तिथेही पुसलं.

"कुणाचा फोन येऊन गेला का? सहज विचारलं."

"कुणाचा नाही."

माझ्या धंद्यात "कुणाचा नाही" आणि "काही नाही" ही उत्तरं आली की गाडी पुन्हा एकदा जॅकवर चढवायची असते.

फोननंतर दार. माऊच्या खोलीचं दार एकतर धाडकन लागलेलं असायचं, नाहीतर सताड उघडं. आता ते वीतभर किलकिलं राहायला लागलं. त्या फटीतून तिचं अर्धं टेबल आणि एक कोपर दिसायचं. पुढच्या आठवड्यात तिने टेबल सरकवलं आणि कोपरही दिसेनासं झालं, नुसता दिव्याचा उजेड भिंतीवर. मी आत जायला कारणं काढू लागले. घडी केलेले कपडे ठेवायला गेले, खिडकी लावायला गेले, तीच खिडकी उघडायला परत गेले. प्रत्येक वेळी माऊने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. सोळा वर्षांची मुलगी, आई तिसऱ्यांदा खोलीत आल्यावर हसते? माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिच्या गेममध्ये तिची जोडीदार होती एक उंच, सडसडीत मुलगी. केसांच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणायचे. गेमची चित्रं ती काढायची आणि बाकीचं सगळं माऊ करायची. संध्याकाळी पेन्सिल आली की दारातून मला म्हणायची, "काकू, तुम्ही कशा आहात?" आणि उत्तर मिळेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघायची. एवढी आपुलकी मला सख्ख्या बहिणीने कधी दाखवली नाही. मग दोघी खोलीत जायच्या आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. मी दारापाशी गेले की हसणं बंद.

एकदा मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले. नळ चालू असला की बाहेरच्यांना वाटतं आपल्याला काही ऐकू येत नाही. खरं तर धार ओल्या फडक्यावर सोडली की आवाज होत नाही. पेन्सिल विचारत होती, "पण काकूंना कळलं तर?"

"कळता कामा नये," माऊ म्हणाली. "कळलं की ती वेगळी वागायला लागेल. मग सगळी मेहनत पाण्यात."

"आणि काका?"

"बाबा आपल्या बाजूने आहे."

माझा तिळपापड झाला. त्या दिवशी भांडी मी अशी घासली की एका कपाचा कान हातात आला.

नवऱ्याला मी कपडे वाळत घालताना गाठलं. "माऊचं काय चाललंय?"

"कुठे काय?" तो म्हणाला आणि एकच मोजा तीन वेळा झटकला. तो इतकं वाईट खोटं बोलतो की मला वाटलं, ह्याला खरंच काही माहीत नसावं. कधीकधी अनुभवाचाही असा तोटा होतो.

मग डबी सापडली. माऊ आणि तिचे बाबा बाहेर गेले होते आणि मी तिच्या कपाटातले स्वेटर उन्हात घालायला काढत होते. ऊन नव्हतं, पण ते नंतर लक्षात आलं. स्वेटरांच्या खाली पत्र्याची एक चपटी डबी होती आणि तिला बोटाच्या पेराएवढं कुलूप. चावी तिच्या टेबलावर, पेनांच्या पेल्यात, खोडरबरांच्या खाली. मला ती लगेच सापडली आणि मी स्वतःवर खूश झाले. डबी उघडली. आत काही नव्हतं. कागद नाही, फोटो नाही, धूळसुद्धा नाही. मी डबीचा वास घेतला. पत्र्याचा वास आला.

मी कुलूप होतं तसं लावलं, किल्ली खोडरबरांच्या खाली ठेवली, स्वेटर होते त्याच क्रमाने रचले, राखाडीवर लाल. ह्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण डोकं भणभणायला लागलं. नवरा इस्त्री करत होता तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"रिकामी? मग कुलूप कशाला?" मी म्हणाले.

"अगं, रिकामी आहे हे चांगलंच नाही का?"

"रिकामी म्हणजे आतलं काढून घेतलंय. कुठे ठेवलं असेल?"

नवऱ्याने इस्त्रीखाली रुमाल घेतला आणि त्या रुमालाच्या चारही कोपऱ्यांवर मन लावून इस्त्री फिरवत बसला.

पुढे त्या डबीला पाय फुटले. आधी ती स्वेटरांखालून नाहीशी झाली आणि पुस्तकांच्या मागे सापडली. मग पलंगाखाली. मग चक्क बुटांच्या कपाटात, माझ्याच जुन्या बुटात. दर वेळी रिकामी. मधेच एका रात्री माऊने न सांगता सगळी भांडी घासून ठेवली, तेव्हाही मी विचारलं, काय हवंय? कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मला ओल सापडत नव्हती. कामावर मी एका गृहस्थाला इतकं फाडून खाल्लं की तो खोटा दावा सोडून त्याच्या लग्नातलं भांडण सांगायला लागला.

शेवटी मी न कळवता शाळेत गेले. गेमच्या वर्गात काळोख असेल, स्क्रीनवर बंदुका चालत असतील, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात खोलीत लख्ख उजेड होता आणि निम्मे कॉम्प्युटर बंद. मुलं टेबलांभोवती बसून कागदाच्या चौकोनांवर शर्टाची बटणं सरकवत होती. गेमचे सर म्हणजे टकलू, मध्यम वयाचा माणूस, स्वेटरच्या कोपराला भोक. मला बघून ते लगबगीने पुढे आले.

"आधी कागदावर, मॅडम. कागदावर मजा येत नसेल तर कॉम्प्युटरवरही येत नाही."

एका टेबलाशी एक मुलगी खेळत होती. तिच्या खुर्चीमागे दुसरी मुलगी हात पाठीमागे बांधून, ओठ आत दाबून उभी होती. खेळणारी विचारत होती, "आता कुठे जायचं? इकडे? ह्या दारातून?" मागची मूग गिळून उभी.

"ती सांगत का नाही?" मी विचारलं.

"गेम तिने बनवलाय ना. बनवणाऱ्याने बोलायचं नाही, हा आमचा नियम. मागे उभं राहायचं आणि बघायचं. खेळणारा कुठे थांबतो, कशाला घाबरतो, काय उघडून बघतो. आणि आपण काय मोजतोय ते त्याला आधी सांगायचं नाही. सांगितलं की माणूस शहाण्यासारखा वागायला लागतो."

"गप्प राहिलं की समोरचा आपणच सगळं दाखवतो," मी म्हणाले. ह्या एका बाबतीत मला त्यांचं पटलं होतं.

"अगदी बरोबर!" त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच निरखून बघितलं. "तुम्ही माऊच्या आई का?"

"का?"

"सहज विचारलं," सर म्हणाले आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

माझं वाक्य परक्या माणसाच्या तोंडून ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पलीकडच्या टेबलावर माऊने एक मोठा कागद घाईघाईने पालथा केला. पेन्सिलने त्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही कशा आहात?"

मी तिथून थेट संख्याशास्त्राच्या बाईंकडे गेले आणि सांगितलं की जागा नक्की धरा.

जेवताना मी माऊला सांगून टाकलं. "प्रदर्शन झालं की विषय बदलायचा."

तिचा हात ताटातच थांबला. "तू अजून काही बघितलंच नाहीस."

"मी बरंच बघितलंय."

"हो," ती म्हणाली. "ते मला माहितीये." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरलेले होते. "ठरलंय ना आपलं, प्रदर्शनापर्यंत? मग ये. माझा गेम खेळ. त्यानंतर बदल म्हणालीस तर मी बदलेन, एक शब्द बोलणार नाही."

मला तिची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. मी येईन म्हणाले.

प्रदर्शन शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. नवराही बरोबर आला होता. भिंतीला लागून टेबलं, टेबलावर कॉम्प्युटर, समोर खुर्ची, आणि प्रत्येक खुर्चीमागे हात बांधून उभा असलेला एक घाबरलेला विद्यार्थी. सगळ्यांत जास्त गर्दी माऊच्या टेबलाशी होती आणि ती गर्दी खो खो हसत होती. मला बघून हसणं एकदम कमी झालं. पेन्सिलचा चेहरा पांढरा पडला. ह्या वेळी ती माझी खुशाली विचारायची विसरली.

"बस, आई," माऊ म्हणाली. मग ती माझ्या मागे गेली आणि तिने हात बांधले.

गेमचं नाव होतं 'घरी येताना'. एक छोटी मुलगी दारातून घरात येते, तिच्या हातात एक डबी असते. ती डबी घेऊन तिला घर ओलांडून आपल्या खोलीतल्या खिडकीपर्यंत पोचायचं असतं. बस्स, एवढंच. पण घरात एक बाई फिरत असते, पहारा देत. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक तबकडी होती, हिरव्यापासून लालपर्यंत, आणि तिच्यात एक काटा. बाईला जितका संशय येईल तितका काटा वर. लाल आला की बाई डबी उघडणार आणि खेळ संपला.

बाई पडद्यावर आली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात फडकं. ती जिथे जायची तिथलं काहीतरी पुसायची. टेबलावर फोन पालथा होता, तिने टेबल पुसता पुसता तो उलटा केला. दार किलकिलं होतं, ती घडी केलेले कपडे घेऊन आत गेली. बाहेर आली, पुन्हा आत गेली, खिडकी लावली. बाहेर आली. पुन्हा आत गेली आणि तीच खिडकी उघडली. मग छोटीसमोर उभी राहून म्हणाली, "कुठे होतीस? सहज विचारलं."

माझ्या पाठीमागे कुणालातरी हसू आवरेना. माझे कान तापले. मी त्या बाईकडे बघत होते आणि तिची मान तिरकी करायची पद्धत मला कुठल्याही आरशात दिसली असती.

काटा लालवर गेला. बाईने डबी उघडली. स्क्रीनवर अक्षरं आली, 'रिकामी? मग कुलूप कशाला?'

मी वळून नवऱ्याकडे बघितलं. तो हॉलच्या छतावरचा पंखा तपासत होता.

उठून निघून जावं असं वाटलं. नाही गेले, कारण त्या बाईकडून हरून मी उठणार नव्हते. ती कुठे बघते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी पुन्हा सुरू केलं. डबी लपवली नाही, सरळ हातात धरून तिच्यासमोरून चालत गेले. 'उघड उघड? म्हणजे मुद्दाम.' काटा वर. पुन्हा सुरू केलं आणि छोटीला एका जागी उभं केलं. 'अशी गप्प का उभी आहेस?' काटा वर. एक बटण होतं, 'खरं सांग'. ते दाबलं. छोटी म्हणाली, 'डबीत काही नाही.' काटा सगळ्यांत जोरात उडाला. मग मी डबी बाईच्याच हातात देऊन टाकली. 'ही मला का देतेस?' शेवटी मी छोटीला भांडी घासायला लावली, अंथरूण नीट करायला लावलं, बाईशी गोड बोलायला लावलं. बाई थांबली, तिने फडकं खांद्यावर टाकलं. 'आज फार शहाणी झालीस. काय हवंय?' लाल.

"हा काटा खाली कसा आणायचा?" मी मागे न बघता विचारलं.

उत्तर नाही.

"माऊ, मी तुला विचारतेय."

उत्तर नाही. स्क्रीनच्या काळ्या कडेत तिची सावली दिसत होती. हात मागे, ओठ दाबलेले. ती नियम पाळत होती. मी अजून दोन-तीनदा खेळले आणि दर वेळी त्या पोरीला पकडून दिलं. ती काही करत नव्हती. नुसती आपल्या घरात चालत होती. तिची कीव येऊन मला बटणं नीट दिसेनाशी झाली.

गेमचे सर आले. खेळून झालं की खेळणाऱ्याने एक बदल सुचवायचा असतो, असं त्यांनी सांगितलं. फक्त एक.

"काटा नुसता वर जातो," मी म्हणाले. "खाली येतच नाही. ही चूक आहे."

"सगळे हेच म्हणतात. मीही तिला कधीपासून सांगतोय. एका ओळीचं काम आहे. छोटीने अमुक केलं की काटा इतका खाली, एवढंच लिहायचं." सर माऊकडे वळले. "आता बोल तू."

माऊने हात सोडले. "चूक नाहीये सर, राहिलंय ते." मग ती माझ्याशी बोलायला लागली. आवाजात चेष्टा नव्हती, राग नव्हता. "वर कशाने जातो ते सगळं मिळालं, आई. फोन ठेवून बघितला. दार बघितलं. डबी इथे ठेव, तिथे ठेव. तू काय म्हणालीस ते बाबाही सांगायचा मला. खाली कशाने येतो तेही शोधत होते. हसून बघितलं. भांडी घासून बघितली, आठवतं? खरं सांगून बघितलं. पूर्ण सत्र शोधलं गं. नाही सापडलं."

कुणी हसत नव्हतं.

"मनाने काहीतरी लिहिता आलं असतं," ती म्हणाली, "पण मग ते खोटं झालं असतं. तूच सांग ना, कशाने येतो? मी आत्ता लिहिते. दोन मिनिटांत होईल."

तिने खरंच की-बोर्ड स्वतःकडे ओढला आणि बोटं त्यावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी आठवू लागले. कामावर मी फाइल बंद करते ती पुरावा मिळाल्यावर. नुसता विश्वास ठेवून एकही बंद केलेली नाही. घरातलं आठवलं. माऊला लहानपणी ताप आला होता, ती निपचित पडली होती, आणि मी थर्मामीटर झटकून दुसऱ्यांदा लावला होता, शाळा बुडवायची नाटकं असतील म्हणून. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मला एक प्रसंग आठवेना.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"बरं," माऊ म्हणाली. "मग राहू दे तसंच." तिने की-बोर्ड परत जागेवर सरकवला, पुढच्या खेळणाऱ्यासाठी. गॅरेजमधला माणूस सुटा भाग बाजारात मिळत नाही म्हटल्यावर जसा दुसऱ्या गाडीकडे वळतो, तशी ती वळली. मला तिने ओरडलेलं चाललं असतं. मी बाहेरच्या व्हरांड्यात गेले आणि नाक पुसत उभी राहिले. नवऱ्याने न मागता रुमाल दिला. चारही कोपरे कडक होते.

संख्याशास्त्राच्या बाई तिथेच होत्या. "मग सोमवारपासून पाठवताय ना मुलीला?"

"नाही," मी म्हणाले. "ती गेमच शिकणार आहे. जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

बाई गेल्या. मी मागे वळले तर माऊ उभी. पायांचा आवाज नाहीच.

"खरंच?" तिने विचारलं.

"खरंच."

"पुढच्या वर्षीही?"

"पुढच्या वर्षीही."

"अट काय?"

"अट नाही."

मला वाटलं होतं, ती गळ्यात पडेल. ती जागची हलली नाही. तिने मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पोच्याची उंची बघताना मी अशीच बघत असणार.

"पण का?" ती म्हणाली. "सहज विचारलं."

"तुला ते आवडतं म्हणून."

खरं तेच होतं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि ती हॉलकडे परत निघाली. दारापर्यंत जाताना तिने दोनदा वळून माझ्याकडे बघितलं.